तारांकित सावली

शब्दांची सोयरीक कानाने जुळवण्याची खोड आमच्या साहित्यवर्गांतून अद्याप गेलेली नाही. जुन्या आयरिश भाषेत सावलीला ‘स्काथ’ म्हणत, एवढे सांगताच ‘म्हणजे आपली छायाच की!’ हा उद्गार ठरलेला. या उद्गाराला आमचा विरोध आहे.

पुरावा पाहावा. ‘स्काथ’ आणि वेल्श ‘कस्गोद’ यांवरून अभ्यासक केल्टिक भाषांचे ‘*स्कातो-’ हे पूर्वरूप कल्पितात. त्याचे आप्त म्हणजे गॉथिक ‘स्कादुस’, इंग्रजी ‘शॅडो’ आणि अंधारवाचक ग्रीक ‘स्कोतोस’. या घराण्याच्या मुळाशी ‘त’ आहे. ‘छाया’त तो नाही, तिचे नाते फारसी ‘साया’शी आणि ग्रीक ‘स्किया’शी. ग्रीकने ‘स्किया’ व ‘स्कोतोस’ हे दोन्ही शब्द जपले आहेत आणि पोकॉर्नीच्या १९५९च्या कोशातही त्यांची मुळे वेगवेगळी दिली आहेत. मग आम्ही ती कोणत्या अधिकाराने एक करतो?

दुसरा प्रमाद अधिक प्रतिष्ठित आहे. ‘स्काथ’चा अर्थ आसरा असाही होतो, त्यावरून धूसरतेत रमणारे ‘केल्टिक मन’ सिद्ध करणारे समीक्षक आहेत. मग ‘छत्रछाया’ आणि ‘मायेची सावली’ म्हणणारा मराठी माणूसही केल्टच ठरावा! उन्हापावसात आडोसा सर्वांनाच लागतो. त्यासाठी वंशाचा आत्मा शोधण्याचे कारण नाही.

पूर्वरूपाआधीची ती तारका आम्ही वाचतच नाही. हे रूप कोठेही लिहिलेले आढळत नाही, अनुमानाने सिद्ध केले आहे, एवढेच ती सांगते. केल्टिकमधला दीर्घ ‘आ’ आणि ग्रीकमधला ऱ्हस्व ‘ओ’ यांचा मेळ घालण्यासाठी आज एक लुप्त कंठ्य ध्वनी गृहीत धरला जातो. पोकॉर्नीने मूळ दिले होते ते त्याविना. श्लायखरने १८६८ साली पुनर्रचित भाषेत एक कथा लिहिली, ती हिर्टने १९३९ साली पुन्हा वेगळ्या रूपात मांडली. अनुमान बदलते, कारण ते तपासता येते. कानाचा कौल तपासता येत नाही, म्हणून तो कधी बदलतही नाही.

व्युत्पत्ती हा वर्गातला विरंगुळा आहे, असे मानणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे : उच्चारसाम्यावर ‘छाया’ आयर्लंडला पोचवणारा विद्यार्थी उद्या आपली भाषा जगाची जननी असल्याचा दावाही त्याच पुराव्यावर मान्य करील. त्याला अडवणारा ‘त’ आम्ही आजच शिकवला पाहिजे.