बाबा कॉपी करतात

शाळेत कुणी विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" की मी बिनदिक्कत सांगायचो, "कॉपी करतात." बाई दचकायच्या. या शब्दात काही वावगं असतं हे मला पाचवी-सहावीपर्यंत माहीतच नव्हतं!

लालबागच्या चाळीतली आमची खोली. एका भिंतीवर देव्हारा, दुसऱ्या भिंतीवर टीव्ही आणि उरलेल्या जागेत जगभरातली चित्रं. रविवर्म्याची शकुंतला, हातात निरांजन घेतलेली ती प्रसिद्ध बाई आणि दाराच्या वर चक्क मोनालिसा. आजी तिच्याकडे बघून न चुकता म्हणायची, "ह्या बायन कुंकू कित्याक नाय लावल्यान?" सगळी चित्रं बाबांच्या हातची. सगळी दुसऱ्यांची.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. बाबा एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा 'ए' ग्रेडने पास. पुढे जे. जे. हेच डोक्यात होतं. पण जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, त्यात आमचे आजोबा. घरात चुलीचीच पंचाईत, तिथे रंगांना पैसे कुठून येणार? बाबा एका पेंटरकडे साइनबोर्ड रंगवायला लागले. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, गणपतीत मंडळांचे पडदे. पुढे फ्लेक्स आला आणि तो धंदाही बसला. मग एका खासगी ऑफिसात चिकटले. चित्रं मात्र थांबली नाहीत. रविवारी दुपारी सगळे झोपले की बाबा खिडकीपाशी बसायचे. समोर कॅलेंडरचं पान नाहीतर दिवाळी अंकातून कापलेलं चित्र, त्यावर पेन्सिलीने बारीक चौकटी. तशाच मोठ्या चौकटी कागदावर. एकेक घर भरत जायचं. बुद्धिबळासारखं, फक्त समोरचा खेळाडू शंभर वर्षांपूर्वी गेलेला.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका मंडळाने हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं. बाबांना न विचारता मीच फॉर्म भरला. दोन कार्यकर्ते घरी आले, चित्रं पाहिली, खूश झाले. "काका, फिनिशिंग एक नंबर! पण ओरिजिनल काही आहे का?" बाबा म्हणाले, "नाही." चहा झाला, ते गेले, विषय संपला.

संपला असता. पण रात्री मीच तोंड उघडलं. "बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांचीच काढलीत. एखादं तरी स्वतःचं काढायचं होतं."

बाबा ब्रश धूत होते. "हं," एवढंच म्हणाले आणि धूत राहिले.

तो "हं" मला अजून टोचतो. त्या कार्यकर्त्यांना काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला आत्ता सुचतंय. म्हणून हे सगळं.

पहिली गोष्ट. गाण्याच्या मैफलीत कुणी दोनशे वर्षं जुनी बंदिश गातं, तेव्हा आपण हात वर करून विचारतो का, "बुवा, स्वतःचं काही आहे का?" उलट, गुरूची गायकी हुबेहूब गळ्यावर चढली तर आपण त्याला 'तालीम' म्हणतो आणि मान डोलावतो. तेच ब्रशने केलं की 'कॉपी'. असं का बुवा? आणि हे काही माझंच डोकं नाही. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये सेंट-रेमीच्या इस्पितळात असताना मिलेच्या चित्रांवरून कितीतरी चित्रं केली. समोर होत्या फक्त काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. रंग त्याने आपल्या मनाने भरले. वादक बेटोव्हनची रचना वाजवतो तसंच हे, अशा अर्थाचं त्याने भावाला पत्रातही लिहिलं होतं. बाबांनी वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून शकुंतला रंगवली, तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाले, "मग रंग चुकले तर त्यालाही कुणी बोललं असेल की!"

दुसरी गोष्ट आपल्या गिरगावातली. रविवर्म्याची मूळ चित्रं कुठे होती? राजवाड्यांत. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या प्रतींमधून. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत, गिरगावात, छापखाना काढला. तो पुढे मळवलीला गेला. ओलिओग्राफ छापायचं म्हणजे मूळ चित्र बघून दगडावर हाताने उतरवायचं, रंगागणिक वेगळा दगड. ते काम करणारे कारागीर होते. चित्राखाली नाव रविवर्म्याचं आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या आजीच्या देव्हाऱ्यापर्यंत लक्ष्मी पोचवली ती त्या कारागिरांच्या हातांनी. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला येत नाही.

तिसरी गोष्ट, जे. जे.चीच. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला जाऊन भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवली. त्याआधी मेजर रॉबर्ट गिलने हेच काम वर्षानुवर्षं केलं होतं. त्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या चमूच्या प्रतीही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. काय नशीब म्हणायचं! तरी ज्या वाचल्या त्यांचं मोल आज बघा. दरम्यान मूळ भिंतींवरचा रंग कुठे उडाला, कुठे पोपडे पडले. तिथे काय होतं हे विचारायला आपण प्रतींकडेच जातो. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला बॅकअप म्हणतो, ते त्या पोरांनी हाताने घेऊन ठेवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग नकली चित्रं विकणारे पण थोरच का? नाही. फरक एका ओळीचा आहे, आणि ती ओळ मला बाबांनी शिकवली.

ती निरांजनवाली बाई आठवते ना? अर्ध्या महाराष्ट्राला ते चित्र रविवर्म्याचं वाटतं. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. माणूस आमच्या सावंतवाडीचा, जे. जे.त शिकलेला. चित्रातली मुलगी म्हणजे त्यांचीच लेक. १९४५-४६ च्या सुमाराचं हे जलरंग चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कॅलेंडरवाल्यांनी ते इतकं छापलं की चित्र घराघरात गेलं आणि नाव वाटेतच गळालं.

बाबांनी ते आजवर सहा वेळा केलंय. पाच लोकांना दिली, एक आमच्या घरी. प्रत्येकावर खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात: 'मूळ चित्र: सा. ल. हळदणकर'. कुणी "वा, रविवर्मा!" म्हणालं की बाबा हातातलं काम सोडून दुरुस्त करतात. मला लहानपणी त्याचा वैताग यायचा. जाऊ द्या ना, त्या पाहुण्याला काय फरक पडतो! आता वाटतं, नाव गळू न देणं हे निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम म्हणजे बघणं. एकदा मी विचारलं होतं, निरांजनाचा उजेड कुठल्या रंगाने काढता? म्हणाले, "जलरंगात उजेड काढायचा नसतो रे, ठेवायचा असतो. कागद कोरा सोडायचा आणि भोवती काळोख जमवत आणायचा. एकदा हात पडला की गेला." हे त्यांना कुणी शिकवलं? कॉलेजात गेलेच नाहीत. हळदणकरांनी शिकवलं, चित्रातून. जे. जे.ची फी परवडली नाही, तर या माणसाने मास्तरांनाच घरी बोलावलं, एकेक चौकट करून.

एक मान्य करतो, नाहीतर हे नुसतं मुलाचं कौतुक होईल. कोऱ्या कागदावर काहीच नसताना काय काढायचं हे ठरवणं वेगळं आणि ठरवलेलं उतरवणं वेगळं. हे बाबाही मान्य करतात. संप झाला नसता, जे. जे. मिळालं असतं, तर कदाचित त्यांचं स्वतःचं काही उभं राहिलं असतं. ते राहिलं नाही याचं मला वाईट वाटतं, आणि गरिबीला 'साधना' वगैरे म्हणून मी ते झाकणार नाही. पण जे झालं नाही त्याच्या मापाने जे झालं ते मोजायचं, हा कुठला न्याय?

जाता जाता माझ्या धंद्याविषयी. मध्यंतरी मी लॅपटॉपवर एआयला सांगितलं, हातात दिवा घेतलेली मराठी बाई काढ, जुन्या जलरंगाच्या शैलीत. चहा गाळून होईपर्यंत चार चित्रं तयार. बाबांना दाखवली. मला वाटलं, फ्लेक्सने एकदा मार दिलाच आहे, आता हा दुसरा, खचतील. त्यांनी चष्मा वर करून चारही नीट पाहिली. "बोटं बरी जमली आहेत," म्हणाले. मग विचारलं, "आणि खाली नाव कुणाचं लिहायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या यंत्राने लाखो चित्रं पाहिलीत म्हणतात. त्या लाखोंपैकी एकाचंही नाव कोपऱ्यात नव्हतं. बाबांच्या कॉपीत आणि या कॉपीत फरक वेगाचा आहे असं मी समजत होतो. तो कोपऱ्यातल्या त्या एका ओळीचा आहे.

त्या ओळीबद्दल माझी एकच तक्रार आहे. ती अर्धी आहे. परवा बाबांना म्हटलं, "तुमचंही नाव लिहा. 'प्रत:' म्हणून." म्हणाले, "मी काय केलंय त्यात?" बरीच हुज्जत झाली. शेवटी म्हणाले, "मूळ चित्र एकदा बघतो, मग ठरवतो."

कारण सहा वेळा काढलेलं ते चित्र त्यांनी अजून पाहिलेलंच नाही.

तेव्हा पुढच्या शनिवारी लिहिणं जमणार नाही. तिकिटं काढली आहेत, बाबांना घेऊन म्हैसूरला चाललोय.