रस्त्यावर गाड्या मोजल्या जातात, माणसं नाहीत

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर मोटारींना टोलमाफी दिली. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ९ मे २०२५ पासून, बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा रुपये झालं आणि एसी बसचं सहावरून बारा.

हे निर्णय वेगवेगळ्या संस्थांचे आहेत, हे मान्य. टोल राज्य सरकारच्या हातात, बस महापालिकेच्या. पण शहर एकच आहे. मोटारवाल्याचे एका खेपेचे ४५ रुपये वाचले. कुर्ल्याहून कामाला जाणाऱ्या एखाद्या घरकामगार बाईला एसी बसने रोज जाऊन येऊन बारा रुपये लागत होते, तिथे चोवीस लागू लागले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तीनशेचे सहाशे झाले. ज्यांना हे तीनशे रुपये जड होतात ते रिक्षा करत नाहीत. ते चालू लागतात.

आणि ते ज्या रस्त्यावरून चालतात, तो त्यांच्यासाठी बांधलेलाच नाही.

हे वाईट नशीब नाही आणि नुसता भ्रष्टाचारही नाही. त्यामागे हिशेबाची एक पद्धत आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एखादी यंत्रणा सतत चुकीची उत्तरं देऊ लागली, तर आम्ही आधी बघतो की तिच्या आत काय मोजलं जातंय. रस्त्यांच्या बाबतीत तोच प्रश्न विचारला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आपल्याकडे शहरातल्या रस्त्याची क्षमता ‘पॅसेंजर कार युनिट’ म्हणजे पीसीयू या एककात मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याचा तक्ता आहे. मोटार म्हणजे १. दुचाकी अर्धा ते पाऊण. बस २.२ ते ३.७. हातगाडी २ ते ३. म्हणजे साठ माणसं घेऊन जाणारी बस या हिशेबात तीन मोटारींइतकी जागा अडवणारी वस्तू ठरते. मोटारीत एकटाच माणूस बसला असला तरी तिचा आकडा पूर्ण १. मुसाफिरखान्याच्या गल्लीतून माल ओढणारा हातगाडीवाला दोन-तीन मोटारींइतका अडथळा. आणि पायी चालणारा माणूस? तो या तक्त्यात नाहीच.

रस्त्यावर किती जागा व्यापली जाते हे मोजायला हा तक्ता ठीक आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी पुढे होते. रस्ता रुंद करायचा की नाही, उड्डाणपूल कुठे हवा, सिग्नल किती सेकंदांचा ठेवायचा, हे सगळं याच आकड्यांवर ठरतं. मग जो आकड्यांत नाही, त्याची वाट कोण बघणार?

वास्तविक या महानगराचं सर्वांत मोठं वाहन म्हणजे पाय. एमएमआरडीएने करून घेतलेल्या आणि २००८ मध्ये पूर्ण झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातच नोंद आहे, की महानगर प्रदेशातल्या रोजच्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात. उरलेल्यांतला मोठा वाटा लोकल आणि बसचा, आणि लोकलचा प्रवासीही घरापासून स्टेशनपर्यंत बहुधा चालतच जातो. सरकारी अभ्यास एक सांगतो आणि सरकारी खर्च दुसरंच करतो, असं हे चित्र आहे.

याचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. मोहम्मद अली रोडवरून जाणारा जे. जे. उड्डाणपूल २००२ मध्ये सुरू झाला. जवळजवळ अडीच किलोमीटरचा. दक्षिण मुंबईच्या कार्यालयांत जाणाऱ्या मोटारींना भेंडी बाजार, पायधुणीच्या गर्दीत अडकावं लागू नये, हा त्याचा मुख्य उपयोग. २०१० पासून त्यावर दुचाकींना बंदी आहे. म्हणजे त्या वस्तीत राहणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या बहुतेकांना पूल वापरताच येत नाही. त्यांच्या वाट्याला खांब आले, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून धावणाऱ्या गाड्या आल्या, आणि खाली तीच पूर्वीची कोंडी उरली. पुलाला नाव मात्र कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचं दिलं. वस्तीला नाव मिळालं, फुटपाथ मिळाला नाही. नाव देण्याच्या राजकारणावर आपण किती लवकर खूश होतो, याचाही विचार करायला हवा.

मार्च २०२४ मध्ये खुल्या झालेल्या कोस्टल रोडवर बारा हजार कोटींहून अधिक खर्च झाला. तिथेही दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता, त्यात बेस्टला मदत एक हजार कोटींची. दीड टक्काही नाही. एकेकाळी बेस्टकडे चार हजारांहून अधिक बस होत्या. आता भाड्याच्या गाड्या धरूनही तो आकडा तीन हजारांच्या आत आला आहे.

या काटकसरीची किंमत कुठे मोजली जाते ते कुर्ल्याने पाहिलं. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. किमान सात जण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. चालकाला एवढी मोठी बस चालवण्याचं पुरेसं प्रशिक्षण होतं का, हा प्रश्न तपासात पुढे आला आणि तो रास्तच होता. पण आणखी एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास इतकी माणसं बसच्या वाटेत का होती? कारण स्टेशनकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर माणसांना चालायला दुसरी जागाच नाही. चालकाची चूक पाच टक्के असो की शंभर टक्के, मधे एक उंच, रुंद, मोकळा फुटपाथ असता तर काही माणसं वाचली असती.

आपली भाषाही मेलेल्या माणसालाच दोषी ठरवते. मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यात सर्वांत मोठी संख्या रूळ ओलांडताना मरणाऱ्यांची. कागदोपत्री त्यांची नोंद ‘ट्रेसपासर’, म्हणजे बेकायदा घुसखोर. पूल कुठे आहे, किती लांब आहे, त्याला किती पायऱ्या आहेत, म्हाताऱ्या माणसाला तो चढता येतो का, हे त्या नोंदीत येत नाही. आणि पूल असला तरी काय होऊ शकतं, हे २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर २३ माणसं चेंगरून मेली तेव्हा सगळ्यांना कळलं.

चालणाऱ्यांसाठी काहीच केलं नाही असंही नाही. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला स्टेशनपासून कलानगरच्या दिशेने पहिला स्कायवॉक उभा राहिला. पाठोपाठ महानगर प्रदेशात आणखी तीसेक झाले. यामागचा विचार बघा. माणसांना वर चढवा, म्हणजे खालचा रस्ता गाड्यांना मोकळा होईल. चालणाऱ्याची सोय म्हणून सांगितलेली ही गोष्ट मुळात मोटारींचीच सोय होती. वांद्र्याचा तो स्कायवॉक पुढे धोकादायक ठरला आणि पाडावा लागला.

आता हरकतीचा मुद्दा. कुणीही फुटपाथचा विषय काढला की लगेच उत्तर येतं, ‘फुटपाथ फेरीवाल्यांनी खाल्ले.’ मग दोन दिवस कारवाई होते. हातगाड्या उचलल्या जातात, फोटो छापून येतात, आणि अलीकडे तर फेरीवाला कोणत्या धर्माचा, कोणत्या प्रांताचा याचीच चर्चा जास्त होते. चालणाऱ्याला मिळतं काय? मोकळ्या झालेल्या जागेत संध्याकाळी मोटारसायकली लागतात.

कायदा दोघांच्याही बाजूने आहे. १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर व्यवसाय करणं हा वाजवी बंधनांसह मूलभूत हक्क मानला. २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा आला. आणि १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सांगितलं, की अडथळ्याविना फुटपाथवरून चालणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हे दोन हक्क एकमेकांच्या विरोधात नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्याच २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रस्त्याच्या कडेला उभी राहणारी एक मोटार साधारण तेवढीच रुंदी खाते, तीही फुकट आणि दिवसभर. ती हलवली तर फेरीवाला आणि चालणारा दोघंही मावतात. पण मोटारीला हात लावायचा तर मतदाराशी भांडण होतं, फेरीवाल्याला हात लावला तर टाळ्या मिळतात.

आपल्या मोहल्ल्यांनीही आरशात बघावं. दुकानाचा ओटा फूटभर पुढे, त्यापुढे फ्रीज, त्यापुढे गिऱ्हाईकाची दुचाकी. जुम्म्याच्या नमाजच्या वेळी मशिदीच्या दारातला फुटपाथ गाड्यांनी भरतो आणि नमाज संपल्यावरही अर्धा तास तसाच राहतो. नगरसेवकाच्या नावाची कमान, त्याच्या नावाचे बाक फुटपाथच्या मधोमध असतात, आणि आपण त्याला ‘काम केलं’ म्हणतो. ‘आमच्या भागाकडे दुर्लक्ष होतं’ ही तक्रार खोटी नाही. गोवंडी, मुंब्रा, भिवंडी इथले रस्ते बघितले की पुरावा वेगळा द्यावा लागत नाही. पण ही मागणी केवळ आपल्या वस्तीची म्हणून मांडली, तर ती सहज बाजूला सारली जाते. घाटकोपर, परळ, डोंबिवलीतला चालणाराही त्याच तक्त्यातून गायब आहे. ही मागणी त्यांच्यासोबत, नागरिक म्हणून करायला हवी.

आता ती करायची वेळही आहे. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचं राज्य होतं. हजारो कोटींच्या रस्त्यांची कंत्राटं त्या काळात निघाली, आणि प्रभागातल्या माणसाला जाब विचारायला नगरसेवक नव्हता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर २२७ नगरसेवक पुन्हा आहेत. त्यांच्याकडे ‘रस्ते चांगले करा’ असं मोघम मागून उपयोग नाही. ‘काँक्रीटीकरण सुरू आहे’ असं उत्तर तयारच असतं. तीन नेमक्या गोष्टी मागाव्यात.

पहिली, माणसांची मोजणी. प्रभागातल्या प्रत्येक मुख्य रस्त्यावर तासाला किती माणसं पायी, किती बसने, किती मोटारीने जातात ते मोजा आणि जाहीर करा. त्यासोबत गेल्या पाच वर्षांत कोण, कुठे, कोणत्या वाहनाखाली मेलं किंवा जखमी झालं, याचा नकाशा लावा. त्यात नावांची गरज नाही, ठिकाणं पुरेत. हे तंत्रज्ञान महाग नाही. सिग्नलवर कॅमेरे आधीच लागलेले आहेत, ते हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार शोधू शकतात तर माणसंही मोजू शकतात.

दुसरी, सिग्नलची वेळ. साधारण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. तीस मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्याला २५ सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजीचा वेग ०.८ मीटर धरला तर ३७ सेकंदांहून जास्त. शाळा, दवाखाना, स्टेशन, मशीद, मंदिर यांच्याजवळचे सिग्नल आजीच्या वेगाने लावा. यासाठी कंत्राट लागत नाही, फक्त एक आकडा बदलावा लागतो.

तिसरी, जबाबदारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल करणाऱ्याने सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर त्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण तत्त्व मोठं आहे. अपघात म्हटलं की फक्त चालकाकडे नाही, रस्ता आखणाऱ्याकडेही बोट दाखवता येतं. आपल्या प्रभागात माणूस दगावला तर हे कलम लावायची मागणी पोलिस ठाण्यात लेखी करा.

‘गाड्याही माणसंच चालवतात, त्यांच्या वेळेला किंमत नाही का,’ असं कुणी विचारेल. जरूर आहे. पण मग बसमधल्या साठ जणांच्या वेळेची किंमत साठपट धरा, तीन मोटारींएवढी नको. हिशेब माणसांत केला की बससाठी वेगळी मार्गिका चैन वाटत नाही आणि बेस्टला दिलेला पैसा तोटा वाटत नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं मेली. त्यातली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती, रोज जवळजवळ नव्वद. जिवंतपणी ती कोणत्याच तक्त्यात नव्हती, मेल्यावर तेवढी मोजली गेली. प्रभागातल्या पुढच्या सभेत नगरसेवकाला पहिला प्रश्न हाच विचारा, की आमच्या रस्त्यावरून किती माणसं चालतात. त्याला आकडा माहीत नसेल, तर मोजणीची तारीख तिथेच लिहून घ्या.