डोळ्यांचे औषध आणि समुद्रातील मुशी



मुलांच्या डोळ्यांसाठी माशाच्या यकृताचे तेल पाजण्याची रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून कॉड माशाचे तेल येईनासे झाले, तेव्हा मुंबई व कालिकत येथे मुशीच्या यकृतापासून ते काढू लागले. त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाने रातांधळेपणा टळतो. पुढे हे जीवनसत्त्व कारखान्यात तयार होऊ लागले, पण मांसासाठी व परांसाठी मुशीची शिकार चालूच राहिली. मुशी उशिरा वयात येते, पिल्ले थोडी देते. १९७० पासून खुल्या महासागरातील मुशी व पाकटांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असे २०२१ साली शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये मांडले.

आपल्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कचे तेल होड्यांना लावत असत. २००१ मध्ये तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. मोरारी बापूंनी तिला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि तेच मच्छीमार जाळी कापून तिला सोडू लागले. कायद्याइतकेच काम त्या एका उपमेने केले, असे आम्हास वाटते.

आता घरची गोष्ट. काही पालक जाहिरात पाहून मुलांना माशाच्या तेलाच्या महाग गोळ्या देतात. परंतु नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत मोफत मिळणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस चुकवतात! लहान भावंडांचा डोस कृपया चुकवू नये. मोठ्यांच्या डब्यात मेथी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा द्यावा. फोडणीच्या तेलाने त्यातील सत्त्व अंगी लागते. भाजी डब्यात तशीच परत आली, तर आम्हास जरूर कळवा.