शोधण्याची मजुरी

मागच्या मे महिन्यात कराडजवळच्या माझ्या दुकानासमोर एक कॅराव्हॅन येऊन थांबली. मिनीबसच्या चासीवर बांधलेली, आत दोन पलंग, ओटा, बेसिन, फरशीखाली पाण्याची टाकी. सांगलीचे एक निवृत्त सर आणि वहिनी तारकर्लीहून परतत होते. चारही चाकांशी हवेचे बलून. मुक्कामाला जमीन उंचसखल असली की पॅनेलवरचं बटण दाबून एकेक कोपरा वर-खाली करायचा, म्हणजे पलंग सपाट राहतो. प्रत्येक बलूनला दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, एक हवा भरतो, दुसरा सोडतो.

सर म्हणाले, "वायरमन, दिवसा सगळं चालतं. रात्र झाली की मागचा डावा कोपरा काही केल्या उचलत नाही." त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने बलून बदलला, दुसऱ्याने व्हॉल्व्ह. १९ हजार रुपये गेले आणि आता पॅनेल बदला म्हणून सांगितलं होतं.

मी बटण दाबलं. ठक् आवाज आला, कोपरा उचलला. जोडांवर साबणाचं पाणी मारलं, कुठे बुडबुडा नाही. मीटर लावला तर व्हॉल्व्हच्या कनेक्टरवर १२.४ व्होल्ट. एवढ्यावर कुणीही सप्लाय ठीक आहे म्हणेल, आणि आधीच्या दोघांनी तेच म्हटलं असणार.

खूण सापडली ती वहिनींच्या बोलण्यात. त्या सहज म्हणाल्या, "रात्री बेसिनच्या नळालाही धार नसते हो." हवेच्या व्हॉल्व्हचा आणि पाण्याच्या पंपाचा संबंध काय? दोघांना वीज लागते, आणि रात्री दिवेही लागलेले असतात. मी भरदुपारी आतले सगळे दिवे लावले, नळ सोडला आणि पुन्हा बटण दाबलं. व्हॉल्व्ह गप्प. कनेक्टरवर आता ८ व्होल्ट.

उरलेले ४ व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक सुई व्हॉल्व्हच्या अर्थिंगच्या पिनेवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली. तिथे एक-दोन दशांशापेक्षा जास्त दिसायला नको, मला ४ दिसले. चासीखाली लाकडी ठोकळे लावूनच मी आत शिरलो. बलूनच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जाऊ नये, हवा गेली की चासी क्षणात खाली बसते. मागच्या क्रॉसमेंबरवर एकाच बोल्टखाली पाच लग कोंबलेले होते. पंप, दिवे आणि हा व्हॉल्व्ह, सगळ्यांचं अर्थिंग तिथेच. बोल्ट रंगावरच आवळलेला, खाली लोखंड उघडं केलेलंच नाही. त्यात कोकणची खारी हवा. तांब्यावर हिरवी बुरशी चढली होती. दिवसा एकट्या व्हॉल्व्हचा करंट कसाबसा त्यातून परत जायचा. रात्री पंप आणि दिव्यांचा करंट त्याच वाटेने आला की वाट तुंबायची आणि व्हॉल्व्हला जोर उरायचा नाही. नवी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. ठक्. कोपरा वर आला.

सामान लागलं ६० रुपयांचं, वेळ गेला सव्वादोन तास. मी हे लिहितोय ते याचसाठी. गिऱ्हाईक व्हॉल्व्हचे साडेचार हजार कुरकुर न करता देतो, कारण व्हॉल्व्ह हातात दिसतो. शोधायला लागलेल्या दोन तासांचे पैसे मागितले की "काय केलंत तुम्ही, एक वायर तर जोडली" असं ऐकावं लागतं. मग पोट भरायला वायरमनही पार्ट बदलायला लागतो. त्याला मी चोर म्हणणार नाही. आपण बदलण्याचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही, म्हणून चांगले हात शोधायचं विसरत चालले आहेत. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं मीटर धरण्याआधी पार्टचा भाव विचारतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट तारांच्या नकाशाची. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि अशा गाड्या आता माझ्याकडे येऊ लागल्या आहेत. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच झालं. पण मूळ चासीच्या तारांचा नकाशा निदान कंपनीकडे तरी असतो. बॉडी बांधताना ज्या तारा घातल्या जातात, त्यांचा कागद मला आजवर एकाही मालकाकडे मिळालेला नाही. सगळ्या तारा काळ्या, एकीवर नंबर नाही. कोणता फ्यूज कुठला आणि कुठलं अर्थिंग कोणत्या बोल्टवर, एवढं लिहिलेला एक कागद गाडीसोबत देणं बॉडी बांधणाऱ्यांना सक्तीचं करा. त्याशिवाय पासिंग देऊ नका. तो कागद असता तर सरांचा पाऊण तासही गेला नसता.

पाचही लग मी सुटे केले, रंग खरवडून तीन वेगळ्या बोल्टांवर लावले, वरून ग्रीस दिलं. बिलावर दोन ओळी लिहिल्या: सामान ६०, शोधणे १२००. सरांनी बिल दोनदा वाचलं, पैसे दिले आणि म्हणाले, "आता त्या बोल्टांचं चित्रही काढून द्या." बिलाच्या पाठीवर काढून दिलं. त्यांनी ते आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलं.