झाडे मोजली, आमरी राहिली

एव्हरशाईन सिटीच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे जंगल. भोवतालचा वसई-पालघरचा पट्टा मात्र आज विकासाच्या गर्दीत सापडला आहे. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, विरार-अलिबाग मार्ग, सारे याच भागातून जायचे. अशा प्रत्येक कामाबरोबर एक आश्वासन येते : तोडू त्याहून अधिक झाडे लावू. कागदावर हा हिशेब जुळतो. जंगलात जुळतो का, हे एका लहानशा वनस्पतीला विचारावे.

सह्याद्रीतल्या पावसाळी जंगलांत डेंड्रोबियम बार्बाट्युलम नावाची आमरी झाडाच्या फांदीवर वाढते. लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० साली तिची शास्त्रीय नोंद केली. पावसाळ्यात तिला पाने असतात. पुढे ती गळतात आणि उघड्या दांड्यांवर पांढरी फुले येतात. आपण अशा साऱ्यांना सरसकट बांडगूळ म्हणतो. पण बांडगूळ झाडाचा रस शोषते, आमरी केवळ आसरा घेते. तिच्या मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी टिपते आणि अन्न ती स्वतःच तयार करते.

तिची अट मात्र कडक आहे. तिचे बी धुळीइतके बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. त्यासाठी जुनी, खडबडीत सालीची, ओल धरणारी फांदी लागते.

महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांचे वा त्याहून जुने झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. झाडाचे वय हिशेबात आले, हे चांगलेच झाले. तरीही साठ वर्षांचा आंबा आणि साठ रोपे यांची किंमत एक नव्हे. मुदतीआधी ठेव मोडली की मुद्दल हाती येते, व्याज मात्र घटते. आमरी हे त्या आंब्याचे व्याज आहे.

तेव्हा तोडणीपूर्वीच्या पाहणीत झाडाची जात आणि घेर यांबरोबर त्यावर कोण राहते, हेही लिहिले जावे. ही पाहणी पावसाळ्यातही व्हावी. रस्त्याची आखणी थोडी वळवून जुने झाड वाचते का, हे आधी तपासावे. आणि तुंगारेश्वरहून परतताना फुललेली आमरी उपटून बाल्कनीतल्या कुंडीत लावण्याचा मोह आपणही आवरावा. कुंडीत माती असते. तिला हवे असते झाड.