वारशाची नोंद

दगड अमर असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. ऊन, वारा आणि पाऊस यांचा मारा सोसता सोसता मूर्तीचे नाकडोळे पुसट होतात, शिलालेखांची अक्षरे झिजतात. आणि कधी रस्ता रुंद करताना, कधी घराचा पाया भरताना एखादी जुनी शिळा कायमची नाहीशी होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली देशातील सुमारे ३,७०० स्मारके आहेत. गावोगावचे वीरगळ, सतीशिळा, बारवा आणि देवळे यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. त्या सर्वांवर पहारा ठेवणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. परंतु त्यांची विश्वसनीय नोंद ठेवणे शक्य आहे, आणि त्यासाठी छायाचित्रासारखे स्वस्त साधन दुसरे नाही.

नोंद एकाच प्रतीत असली म्हणजे काय होते, हे अजिंठ्याच्या इतिहासावरून कळते. १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. अनेक वर्षे खपून त्याने मोठमोठी चित्रे रंगविली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असता डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेली. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी तेच काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. हाताने रंगविलेली प्रतिकृती एकच असते; छायाचित्राच्या मात्र हव्या तितक्या प्रती काढून त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात.

छायाचित्र केवळ रूप दाखविते असे नव्हे, ते मापही देते. १८५८ साली जर्मनीत वेट्झलर येथील प्रार्थनामंदिराची मापे घेत असता आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण उंचावरून पडता पडता वाचला. जीव धोक्यात घालून भिंतीवर चढण्यापेक्षा छायाचित्रांवरूनच मापे का घेऊ नयेत, असे त्याला वाटले. दोन डोळ्यांनी पाहिल्यामुळे माणसाला वस्तूच्या अंतराचा अंदाज येतो. त्याचप्रमाणे एकाच वस्तूची दोन जागांवरून चित्रे घेतली, तर गणिताने तिची लांबी, रुंदी व खोली काढता येते. या तत्त्वावर स्मारकांची चित्रे घेणारी संस्था १८८५ साली बर्लिनमध्ये स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात मोडलेल्या इमारतींची डागडुजी करताना तिच्या संग्रहाचा मोठा उपयोग झाला.

या कामाला महागडी यंत्रे लागतात, असा आक्षेप काही जण घेतात. तो अर्धाच खरा आहे. अफगाणिस्तानातील बामियान येथे बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती होत्या. मार्च २००१ मध्ये त्या सुरुंगांनी उडविण्यात आल्या. पुढे झुरिच येथील संशोधकांनी जुन्या छायाचित्रांवरून मोठ्या मूर्तीची आकृती संगणकावर उभी केली. प्रवाशांनी सहज घेतलेल्या चित्रांवरूनही तिचे रूप साधले. परंतु बारकावे मिळाले ते १९७० साली मापनासाठी मुद्दाम घेतलेल्या चित्रांतून. तात्पर्य हे, की यंत्राच्या किमतीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, पद्धत महत्त्वाची आहे. साध्या कॅमेऱ्याने वास्तूची नोंद कशी करावी, याचे सोपे नियम वाल्डहॉइझल आणि ओगल्बी या दोन तज्ज्ञांनी १९९४ साली सांगून ठेवले आहेत. आज ते घरातील मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही लागू पडतात.

गावाबाहेरच्या एखाद्या वीरगळाचेच उदाहरण घ्यावे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, अशी त्याची रचना पुष्कळदा असते. त्याच्याभोवती पावलापावलाने फिरत चित्रे घ्यावीत. मागच्या चित्रातील निम्म्याहून अधिक भाग पुढच्या चित्रात आला पाहिजे. मध्येच दृश्य लहानमोठे करू नये. शेजारी फूटपट्टी उभी ठेवावी, म्हणजे खरे माप कळते. सर्व बाजूंच्या चित्रांसाठी सावलीतला सारखा उजेड बरा. पुसट अक्षरांसाठी मात्र सकाळसंध्याकाळचे तिरपे ऊन किंवा बाजूने धरलेली विजेरी उपयोगी पडते. अशी चित्रे जोडून वस्तूची घनाकृती तयार करणाऱ्या संगणक-आज्ञावली विनामूल्य मिळतात. गाव, तालुका, दिनांक, शिळेची उंची आणि तिच्या तोंडाची दिशा वहीत लिहून ठेवावी; कारण ठावठिकाणा नसलेले चित्र म्हणजे पत्ता नसलेले पत्र होय. मूळ चित्रांच्या प्रती दोनतीन ठिकाणी ठेवाव्यात.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणे, तेल लावणे किंवा शिळा घासणे हा अपराधच समजावा. शेंदूर लावून पूजिलेल्या दगडाला गावकऱ्यांच्या अनुमतीवाचून हातही लावू नये.

चित्र घेतले म्हणजे वास्तू वाचली, असे मात्र कोणी समजू नये. चित्रातल्या बारवेचे पाणी तहान भागवीत नाही. पण ज्याची नोंद आहे त्याची चौकशी होते. ज्याची नोंद नाही ते गेल्याचेही कोणाला कळत नाही. वाटेवरचा दगड थांबून नीट पाहावा, त्याचे नाव विचारावे, त्याची नोंद करावी, ही सवय शाळेच्या वयातच लागली पाहिजे. ज्या गावातील मुले आपल्या दगडांना ओळखतात, त्या गावातील दगड सहसा हरवत नाहीत.