आभा क्रमांक आजीचा, ओटीपी नातवाचा

पुंडलिकनगरातील सत्तरी ओलांडलेल्या आजीकडे आज दोन कार्डे असू शकतात. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले. उत्पन्नाची अट नाही, योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य क्रमांक. त्यातून पैसे मिळत नाहीत, नोंदी जोडल्या जातात. पुष्कळ घरांत दोन्ही एकच समजली जातात.

पण म्हातारपणाचा रोजचा खर्च दाखल होण्याचा नसतो, गोळ्यांचा असतो. 'लासी' या देशव्यापी पाहणीत (२०१७-१८) साठीपुढच्या दर तिघांपैकी जवळपास एकाला रक्तदाबाचे निदान झालेले आढळले. अशा रुग्णाचा एक केसपेपर घाटीत, एक चिठ्ठी गल्लीतल्या दवाखान्यात, रिपोर्ट पिशवीत. डॉक्टर बदलला की तपासण्या पुन्हा आणि कधी एकाच औषधाच्या दोन नावांच्या गोळ्या पोटात. आभाने हे थांबू शकते, मात्र दवाखान्याने नोंद जोडली तरच. नुसता क्रमांक म्हणजे कोरी वही.

दुसरी अडचण संमतीची. कोणत्या डॉक्टरला कोणती नोंद, किती दिवस दाखवायची हे रुग्णाने ठरवायचे, अशी ही व्यवस्था. ओटीपी मात्र पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाच्या मोबाईलवर जातो. तो 'हो' म्हणतो, आजीला पत्ताही नसतो. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात लिहिला आहे. तो आजीला कोण सांगणार? आजार आणि पत्ता एकत्र आले की वस्तीही ओळखू येते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

महावग्गात आजारी भिक्षूची कथा आहे. घाणीत पडलेल्या त्या भिक्षूला तथागतांनी आधी विचारले, काय होतेय, सेवेला कोणी आहे का? मग आनंदांसह स्वतः त्याला धुतले.

आशाताई तिशीपुढच्यांचे अर्ज भरतात, रक्तदाब-साखरेच्या नोंदी पोर्टलवर चढतात. त्यातून गोळ्या न्यायला यायचे कोणी थांबवले, याची गल्लीनिहाय यादी दर महिन्याला आशाताईंच्या हाती परत आली पाहिजे. माहिती वर जाते, खाली येत नाही, हीच खरी तक्रार. महापालिकेकडे ही मागणी लेखी करावी. आणि रविवारच्या वंदनेनंतर विहारातील दोन तरुणांनी ज्येष्ठांशेजारी बसून आधारला कोणाचा नंबर जोडला आहे, एवढे तरी तपासावे.